टायमिंगच्या आधी जेट, जेटच्या आधी नळ्या

निपाणीच्या दादांनी विचारलंय, कार्बोरेटरची जुनी मारुती ८०० ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर धक्के मारते, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बदलू का? दादा, टायमिंगला इतक्यात हात लावू नका. साध्या पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) मिश्रण पातळ पडतं, हवा जास्त नि पेट्रोल कमी. इंजेक्शनच्या (संगणकानं पेट्रोल मोजून सोडणाऱ्या) गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे सांभाळून घेतो, कार्बोरेटरला ते जमत नाही. मेन जेट एकच नंबर मोठा घाला, वंटमुरी घाट चढवा, वर इंजिन बंद करा आणि गार झाल्यावर प्लग काढून बघा. पांढराफटक दिसला तर मिश्रण अजून पातळच आहे. फिकट तपकिरी आला की थांबा.

पण त्याआधी पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) बदलाच. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, चिरतं, आणि गरम इंजिनावर गळती म्हणजे आगीला आमंत्रण. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.

आणि पावसात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, जास्त पावसाच्या खानापूरकडच्यांनी तर नक्कीच, टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत ओल शिरली की पाणी नि इथेनॉल मिळून तळाला बसतं, आणि पंप आधी तेच ओढतो.