समझोता झाला म्हणजे शांतता आली का?

वेंगुर्लेकर (मूळ मत): २००७ साली सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीम आपल्याकडे मागे पडली, याचे कारण जुने उकरून काढण्याची आपली सवय हेच आहे. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनसोबत राहू पाहणारे प्रोटेस्टंट आणि आयर्लंडशी जोडले जाऊ पाहणारे कॅथलिक यांच्या झगड्यात १९९८ साली करार झाला, दोन्ही बाजूंचे कैदी सुटले आणि तीस वर्षांचा रक्तपात थांबला. कोण चुकले याचा हिशेब मांडत बसले असते, तर माणसे मरतच राहिली असती. आधी सह्या व्हाव्यात, बाकीचे मागाहून पाहावे.

राजापूरकर: वेंगुर्लेकर, हे वाचून गप्प बसवले नाही. करार १० एप्रिलला झाला आणि ऑगस्टमध्ये तिथल्याच ओमा शहरात स्फोट होऊन २९ माणसे गेली. त्यानंतर शांतता टिकली ती सह्यांमुळे नव्हे. एका समाजाला परके वाटणारे पोलीसदल २००१ साली नव्या नावाने उभारून त्यात निम्मी भरती कॅथलिकांची करावी लागली, आयआरए या कॅथलिकांच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र संघटनेची शस्त्रे निकालात निघायला २००५ उजाडले, आणि मध्येच कोसळलेले दोन्ही बाजूंचे संयुक्त सरकार २००७ मध्ये पुन्हा उभे राहिले. बेलफास्टमधल्या वस्त्यांना विभागणाऱ्या भिंती तर आजही आहेत. हाणामारी थांबणे वेगळे आणि तिचे कारण संपणे वेगळे, हे नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी साठच्या दशकातच मांडले होते.

आमच्या गावात पालखीच्या मानावरून दोन भावक्यांत डोकी फुटली, तेव्हा तंटामुक्ती समितीने दोन्ही घरांतल्या कर्त्यांना सभामंडपात बसवले, कागदावर सह्या घेतल्या, देवापुढे नारळ ठेवला आणि तंटा मिटल्याचे तालुक्याला कळवून टाकले. देवस्थानच्या जमिनीचे उत्पन्न कोणाच्या घरात जाते, हे मात्र कोणीही विचारले नाही. पुढच्या शिमग्याला त्याच सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, पुन्हा काठ्या निघाल्या आणि आता आमची पालखी पोलीस बंदोबस्तात फिरते. याला मिटलेला तंटा म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणा.

मालवणकरीण: पालखी वर्षातून एकदा निघते, आमचे भांडण रोज पहाटे सुरू होते. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, एक दोर किनाऱ्यावर धरून होडी वळसा घेते, मग दोन्ही टोके ओढायला लहानथोर सगळे लागतात आणि मिळेल त्याचे वाटे पडतात. बाहेर पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे यांत्रिक बोटीतून मोठे गोल जाळे टाकणाऱ्यांनी, बांगड्याचा थवा आधीच वेढला असेल, तर आमच्या वाट्याला केंड हा कोणी न खाणारा मासा आणि कचरा येतो. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठरवून दिला आणि एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला केंद्रानेही २०१७ मध्ये बंदी घातली. तरी जानेवारीच्या रात्री आमच्या अंगणातून दर्यावर दिव्यांची रांग दिसते. तक्रार घेऊन गेलो, तर गस्तीनौका दुरुस्तीला गेल्याचे उत्तर मिळाले. शेवटी गावची पोरे स्वतः बोटी अडवायला गेली आणि गुन्हे दाखल झाले ते त्यांच्यावर. अशा वेळी सह्या करा म्हणून सांगणाऱ्यांचा संताप येतो.

रत्नागिरीकर: ताई, आम्ही पर्ससीनवाले दरोडेखोर नाही. ज्या सरकारने परवाने दिले, त्याच सरकारने बँकेचे हप्ते चालू असताना हंगाम चार महिन्यांवर आणला. बारा सागरी मैलांपलीकडे राज्याचा अंमल चालत नाही, तरी तिथून परतताना आम्हालाच चोर ठरवले जाते. तुमच्या पोरांनी अडवलेल्या बोटींत माझीही बोट होती. माझ्याकडचा नेपाळी खलाशी जाळे सावरत असताना भिरकावलेला दगड त्याच्या भुवईवर बसला, डोळा थोडक्यात वाचला. महिन्याच्या पगारावर राबणाऱ्या त्या माणसाने तुमचा कोणता बांगडा नेला होता?

वेंगुर्लेकर: चर्चा मासळीवर गेली, तरी मूळ मुद्दा मी सोडत नाही. पोलीसदल बदलावे लागले, हे मान्य करतो. पण करारच नसता, तर ते बदलायला कोण तयार झाले असते? दक्षिण आफ्रिकेने वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांवर १९९६ पासून सुनावण्या घेऊन सत्य जगासमोर मांडले आणि २००३ मध्ये पीडितांच्या हाती एकरकमी ३०,००० रँड ठेवले. जमीन ज्या गोऱ्यांकडे होती, बहुतांशी त्यांच्याकडेच राहिली. सत्य उकरून त्या लोकांना काय मिळाले?

राजापूरकर: तुमचे हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे सत्य बोलले गेले, पण जमिनीचा प्रश्न तसाच राहिला, म्हणून राग शिल्लक आहे. सही आधी हवी, हे मीही नाकारत नाही. सही झाल्याबरोबर समिती घरी जाते, याला माझा आक्षेप आहे.

मालवणकरीण: त्या खलाशाला दगड लागला, हे वाईटच झाले आणि त्याचे मी समर्थन करणार नाही. बैठक बोलवा, आमची माणसे येतील. मात्र कोणत्या बोटीने कोणत्या बंदरात किती मासळी उतरवली, याची नोंदवही दोन्ही बाजूंसमोर उघडी राहिली पाहिजे, गस्तीवर आमची आणि तुमची माणसे एकाच नौकेत बसली पाहिजेत, आणि पोरांवरचे गुन्हे मागे घेतले गेले पाहिजेत.

रत्नागिरीकर: नोंदवही मान्य आहे, पण ती रापणीच्या किनाऱ्यावरही ठेवावी लागेल. एका नौकेतल्या गस्तीबद्दल आमच्या लोकांशी बोलून सांगतो. दगड मारणाऱ्यांवरचे गुन्हे मागे घ्यायला मात्र माझा विरोध आहे आणि बैठकीतही तो राहील.