जुन्या दाराला स्मार्ट लॉक
वडगावातल्या जुन्या घराच्या दोन फळ्यांच्या सागवानी दाराला कुठलं स्मार्ट लॉक घ्यावं, असं विचारलंय तुम्ही. कंपनीचं राहू दे ओ, आधी दाराची जाडी मोजा. मॉर्टाइज लॉक म्हणजे दाराच्या जाडीत आत बसणारं कुलूप, त्यासाठी फळीच्या कडेत खोल खाच पाडावी लागते. अशा दाराला आतल्या बाजूनं फळीवरच बसणारं रिम लॉकच बरं. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, खटका घासायला लागतो, मोटर अडते आणि सेल भराभर उतरतात. सुताराला थोडी फट ठेवायला सांगाच. ओल्या किंवा कामानं झिजलेल्या बोटांचे ठसे लॉक बऱ्याचदा घेत नाही, म्हणून पिनची, म्हणजे आकडे दाबून उघडायची, सोय हवी. सेल संपल्यावर बाहेरून यूएसबी लावून चालू होतंय का, साधी किल्ली लागते का, हे दुकानातच बघा. आणि ती किल्ली घरात ठेवू नका की, शेजारच्या काकूंकडे द्या.