मदत हवी आहे : सलगम विकायला येणाऱ्या पाहुण्यांकडून मोबदला घ्यावा का?

‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ या व्हिडिओ गेममधील देवघेवीबाबत अनुभवी खेळाडूंचे मार्गदर्शन हवे आहे. रविवारी सकाळी ९० ते ११० बेल्सना (बेल्स म्हणजे खेळातील चलन) मिळणाऱ्या सलगमांचा भाव माझ्या बेटावरील दुकानात नुकताच ५०० च्या वर गेला होता, म्हणून मी डोडो कोड (आपल्या बेटावर येण्यासाठी इतरांना द्यायचा संकेत) देऊन अनोळखी खेळाडूंनाही बोलावले. कोणतेही शुल्क ठेवले नव्हते. तरी काहींनी विमानतळाजवळ ९९,००० बेल्सच्या थैल्या आणि नूक माइल्सची तिकिटे (खेळात दुसऱ्या बेटांच्या सफरीसाठी लागणारी) ठेवली, आणि जमिनीवरची वस्तू कोणीही उचलू शकत असल्यामुळे त्यांतील काही पुढच्या पाहुण्यांनी नेली. त्यावरून वाद झाला, याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण या खेळातील निवांतपणाच मला सर्वाधिक प्रिय आहे.

दुसऱ्या वेळी कुंपण घालून पाहुण्यांना थेट दुकानाकडे नेणारी वाट केली आणि एका वेळी तिघांनाच बोलावले. गोंधळ कमी झाला, पण काय द्यावे, हे प्रत्येक जण विचारतच राहिला. ‘काही नको’ म्हटले तर लोक संकोचतात आणि रक्कम सांगितली तर तो व्यापार होतो, असे मला वाटते. खेळाच्या यंत्राचे (कन्सोलचे) घड्याळ पुढेमागे करून मी खेळत नाही, त्यामुळे असा भाव मला क्वचितच मिळतो. शिवाय मला बेल्सची गरज नाही, खेळातील गृहकर्ज फिटले आहे.

तेव्हा पाहुण्यांना संकोच वाटू नये आणि ठेवलेली भेट दुसऱ्याने उचलू नये, यासाठी निमंत्रणात नेमके काय लिहावे, आणि भेट जमिनीवर न ठेवता थेट माझ्या हाती देण्याची कोणती पद्धत तुम्ही वापरता?