मदत हवी आहे: मागचा दिवा एलईडी आहे की साधा बल्ब? (ग्वाल्हेर, तातडीचं)

जिन्सीकर
नमस्कार मंडळी. गाडीचा डावीकडचा मागचा दिवा बंद पडलाय. आज गॅरेजमध्ये नेली तर तिथला माणूस म्हणतो, हा एलईडी आहे, आतलं काही बदलता येत नाही, अख्खा दिवाच नवा घ्यावा लागेल. ६५०० रुपये, आणि माल दिल्लीहून यायला चार दिवस. शेजारचे काका म्हणतात साधा बल्ब असणार, पन्नास रुपयांचं काम आहे. परवा पहाटे आईबाबांना घेऊन आग्र्याला निघायचंय आणि सध्या वाटेत मुरैन्याच्या पुढे धुकं कसं असतं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. मला एवढंच सांगा, एलईडी की बल्ब? उद्याचा एकच दिवस हातात आहे.

फुलबाग
कोणती गाडी? कोणतं साल? कोणतं व्हेरियंट? एवढं तरी सांगा.

मुरारची ताई
आणि "मागचा दिवा" म्हणजे कोणता? अंधार पडल्यावर सतत लागतो तो, ब्रेकचा, की रिव्हर्सचा? तिन्ही एकाच काचेत असतात.

जिन्सीकर
फोटो टाकलाय, त्यात गाडीचं नाव दिसतंय. हॅचबॅक आहे, २०१७ ची. लाल दिवा बंद आहे. काच बघून कळत नाही का?

वायरमन
नाही कळत. याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला एलईडी येतात आणि खालच्यांना बल्ब, बाहेरची काच मात्र लांबून सारखीच दिसते. शिवाय बऱ्याच गाड्यांत कारभार अर्धाअर्धा असतो: लाल पट्टी एलईडीची, पण इंडिकेटर आणि रिव्हर्स साध्या बल्बवर. त्यामुळे "दिवा एलईडी आहे का" असं न विचारता त्यातला एकेक भाग तपासायला हवा.

आत्ता रात्र आहे तर लगेच होईल. गाडी मागे घेऊन भिंतीपासून चार-पाच फुटांवर उभी करा आणि आरशात भिंतीकडे बघत ब्रेक दाबा-सोडा. तारेचा बल्ब असेल तर उजेड क्षणभर चढत येतो आणि सोडल्यावर विझत विझत जातो. एलईडी एका झटक्यात लागतो, झटक्यात जातो. दुसरं, डिक्कीतून दिव्याची मागची बाजू दिसत असेल तर बघा. गोल फिरवून निघणारा होल्डर असेल तर आत बल्ब. नुसता एक प्लग जाऊन बंद डबा असेल तर एलईडी. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात शेवटी बल्बांचा तक्ता असतो. ज्या दिव्यापुढे वॅट लिहिलेत तो बदलता येतो.

गाडीवान
एवढी उठाठेव कशाला? मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. स्क्रीनवर पट्टे सरकताना दिसले किंवा दिवा लुकलुकला की एलईडी. मी कायम असंच बघतो.

वायरमन
गाडीवान, ते प्रत्येक वेळी खरं ठरत नाही. एलईडीचा उजेड कमी करण्यासाठी त्याला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात, कॅमेऱ्यात दिसतं ते त्यामुळे. पण सरळ प्रवाहावर चालणारा एलईडी कॅमेऱ्यात अजिबात लुकलुकत नाही. लुकलुकला तर एलईडी म्हणा. लुकलुकला नाही म्हणून बल्ब म्हणू नका.

गाडीवान
माझ्या दोन्ही गाड्यांवर बरोबर आलंय.

नवाबाजारकर
जे काही असेल ते काढून टाका आणि चांगल्या कंपनीचे एलईडी बसवून घ्या. तारेचा बल्ब तापून पूर्ण उजेड द्यायला साधारण ०.२ सेकंद घेतो, एलईडी लगेच लागतो. ताशी ८० किलोमीटरवर तेवढ्या वेळात मागची गाडी जवळपास साडेचार मीटर पुढे येते. वीज कमी खातो, वर्षानुवर्षं जळत नाही. मी पुढचे-मागचे सगळे बदलले, आजवर तक्रार नाही.

मुरारची ताई
नवाबाजारकर काका, कंपनीनेच एलईडीसाठी घडवलेला दिवा असेल तर तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. पण बल्बच्या दिव्यात बाजारातला एलईडी खोचणं निराळं. आतला आरसा तारेच्या जागेवर बेतलेला असतो. उजेड तिथून न निघता भलतीकडून निघाला की कुठे ठिपका, कुठे अंधार. पांढरा एलईडी लाल काचेमागे लावला तर बराचसा उजेड काचच गिळते.

सगळ्यात वाईट म्हणजे टेल (अंधारात सतत लागतो तो लाल दिवा) आणि ब्रेक यांतला फरक कमी होतो. आंतरराष्ट्रीय नियमात टेल लाइटला किमान ४ कँडेला (उजेडाची तीव्रता मोजायचं एकक) लागतात आणि ब्रेकला किमान ६०. एवढा फरक ठेवलाय तो मागच्याला "गाडी आहे" आणि "गाडी थांबतेय" या दोन गोष्टी वेगळ्या कळाव्यात म्हणून. स्वस्त एलईडीत दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात. धुक्यात मागून ट्रक येत असताना हा फरक दिसलाच पाहिजे.

नवाबाजारकर
ताई, म्हणून तर चांगल्या कंपनीचे म्हणालो.

दौलतगंज
माझं ऐकाल तर परवा गाडीच काढू नका. वयस्कर माणसं बरोबर आहेत. ग्वाल्हेरहून आग्र्याला दिवसभर रेल्वे आहेत, दोन तासांच्या आत पोहोचाल.

फुलबाग
जानेवारीत? या मार्गावरच्या गाड्या धुक्यात कितीतरी तास उशिरा येतात. आईबाबांना फलाटावर थंडीत बसवून ठेवण्यापेक्षा उशिरा निघालेलं बरं. आणि जिन्सीकर, पुढे पिवळे फॉग लॅम्प बसवून घ्या, फार उपयोग होतो.

दौलतगंज
सकाळी नऊनंतर निघाल तर मुरैन्याला ताजी गजक (तिळाची मिठाई) तरी मिळेल. पहाटे दुकानं बंद असतात.

जिन्सीकर
दादा, गजक येताना घेईन. रेल्वेचं तिकीट नको, पुढचे फॉग लॅम्प नकोत. भिंतीसमोर करून बघितलं. ब्रेक दोन्ही बाजूंचे लागतात आणि झटक्यात लागतात. म्हणजे एलईडीच ना? मग गॅरेजवाला बरोबर?

वायरमन
थांबा. डावीकडचा ब्रेक लागतो आणि फक्त टेल बंद आहे, हे आत्ता सांगताय. उजवीकडचा टेल व्यवस्थित आहे? बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या टेलला वेगळे फ्यूज असतात, आधी फ्यूजच्या डब्याच्या झाकणावरचा तक्ता बघा. आणि गाडी तुम्ही नवी घेतलीत की जुनी?

जिन्सीकर
उजवा ठीक. फ्यूज बघितला, शाबूत आहे. गाडी पहिल्या मालकाकडून घेतली, मधलं व्हेरियंट. याचा काय संबंध?

वायरमन
फार संबंध आहे. मधल्या व्हेरियंटला कंपनीकडून बल्ब असण्याची शक्यता जास्त. झटक्यात लागतोय याचा अर्थ पहिल्या मालकाने बल्बच्या जागी एलईडी खोचलेला असू शकतो. बाहेरून बघणाऱ्या मेकॅनिकला तो एलईडी दिवाच वाटणार. उद्या उजेडात दिवा उघडा.

डिक्की उघडली की दिव्याच्या कडेला दोन बोल्ट दिसतील, बहुतेक दहा नंबरचा पाना लागेल. ते काढून दिवा सरळ मागे ओढा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, बाहेरच्या कडेला प्लास्टिकच्या खुंट्या असतात त्या तुटतात. मग होल्डर डावीकडे पाव फेरी फिरवला की बाहेर येतो. जवळ काय लिहिलंय तेही बघा.

गाडीवान
धुक्यात चारही इंडिकेटर चालू ठेवून गेलं तर टेल नसला तरी चालतं की. हायवेवर सगळे तसंच करतात.

मुरारची ताई
चालत नाही. चारही इंडिकेटर लुकलुकत असले की तुम्ही वळताय की सरळ जाताय हे मागच्याला कळत नाही. ते थांबलेल्या गाडीसाठी असतात. गाडीला मागचा फॉग लॅम्प असेल तर तो लावा, त्याला किमान १५० कँडेला ठरवलेत, धुक्यासाठीच आहे तो. धुकं संपलं की बंद करा, मागच्याच्या डोळ्यांवर येतो.

गाडीवान
बरं, हे पटलं.

जिन्सीकर
उघडला. होल्डर आहे. त्यात बल्ब नाही, एक बोटाएवढी दांडी आहे, चारही बाजूंनी पिवळे चौकोनी ठिपके, त्यातले दोन काळे पडलेत. होल्डरजवळच्या प्लास्टिकवर १२ व्होल्ट २१/५ वॅट असं उमटवलंय. आता सांगा.

वायरमन
उत्तर मिळालं. तुमचा दिवा बल्बचा आहे आणि त्यात बाहेरचा एलईडी घातलाय. २१/५ म्हणजे एकाच बल्बमध्ये दोन तारा, २१ वॅटची ब्रेकला, ५ वॅटची टेलला. त्या दांडीचा टेलचा भाग गेलाय, ब्रेकचा चालतोय. अख्खा दिवा घ्यायची काही गरज नाही. दुकानात २१/५ चा दोन पॉइंटचा बल्ब मागा, आणि दांडी बरोबर न्या, कारण काही गाड्यांत त्याच वॅटचा खालून चपटा, बिनटोपीचा बल्ब येतो.

पितळी टोपीचा असेल तर बाजूच्या दोन खिळ्या नीट बघा. एक वर, एक किंचित खाली असते. उलटा घातला तर बसत नाही, आणि जोर करून बसवला तर टेलच्या जागी ब्रेक लागतो. काच रुमालाने धरा.

नवाबाजारकर
नवा एलईडी घेतला तरी चालेल, दुकानदार देईल.

जिन्सीकर
काका, सध्या साधाच घेतो. बल्ब आणला, पितळी टोपीचाच आहे. खिळ्या बघून घातला. पण टेल अगदी मंद लागतोय, आणि ब्रेक दाबला की आणखी मंद होतो. बल्ब खराब निघाला का?

मुरारची ताई
बल्ब नाही, अर्थिंग. विजेचा परतीचा रस्ता नीट नसला की टेल आणि ब्रेकचे प्रवाह एकमेकांत शिरतात आणि असे चाळे होतात. होल्डरच्या पत्र्यावर हिरवट-पांढरी पूड आहे का?

जिन्सीकर
आहे. एका पत्र्यावर बरीच आहे.

मुरारची ताई
दिव्याचं बटण बंद करा, बल्ब काढा, बारीक पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा. पत्रा दबला असेल तर थोडा उचला, बल्बला घट्ट टेकला पाहिजे. काळ्या तारेचा बोल्ट बॉडीवर जिथे बसतो तोही सोडवून, घासून परत आवळा. आणि दिवा बसवताना मागचं रबर नीट बसवा. पाणी तिथूनच आत गेलं असणार.

जिन्सीकर
लागला! उजव्याइतका लख्ख. रबर एका बाजूने दुमडलेलं होतं, सरळ केलं. वायरमन दादा, ताई, खूप आभार. ६५०० वाचले.

वायरमन
छान. आता उजवीकडचा एलईडीही काढा आणि तिथेही तसाच बल्ब घाला. एकीकडे तार, दुसरीकडे एलईडी असलं की ब्रेक मागेपुढे लागतो आणि रंगही वेगळा दिसतो. तिथल्या दांडीचंही तेवढंच वय झालंय.

मुरारची ताई
आणि संध्याकाळी कुणाला तरी पन्नास पावलं मागे उभं करून टेल चालू असताना ब्रेक दाबून दाखवा. त्यांनी न सांगता फरक ओळखला पाहिजे. नंबर प्लेटचा दिवाही त्याच वेळी बघून घ्या.

जिन्सीकर
उजवा बदलला. बाबांना गल्लीच्या टोकाला उभं केलं होतं, प्रत्येक वेळी बरोबर हात वर केला. नंबर प्लेटचा दिवा ठीक आहे. एक जादा बल्ब डॅशबोर्डात ठेवलाय. धुकं जास्त असेल तर नऊनंतर निघू.