चेक इंजिन लाइट: तुमच्या गाडीत कधी लागला आणि तुम्ही काय केलंत?

मे महिन्यात पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो, गाडी मी चालवत होते, शेजारी नवरा, मागे सासूबाई आणि लेक. खंबाटकी घाट चढताना गाडीचा एकदम दम गेला. ॲक्सिलरेटर दाबतेय पण पिकअपच नाही, सीटखाली धडधड जाणवतेय आणि मीटरमध्ये तो इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुक करायला लागला. नवरा म्हणाला लाल दिवा लागला तर थांबायचं असतं, पिवळा म्हणजे सर्व्हिसिंगला दाखवू, मलाही ते पटलं, एसी बंद केला आणि साताऱ्यापर्यंत तशीच रेटली.

साताऱ्यात मेकॅनिकने स्कॅनर लावला, कोड आला पी०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट पेटतच नव्हतं. ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइल गेलेली, २,५०० रुपयांत बदलून दिली, पुढे कोल्हापूरपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. तीन आठवड्यांनी तोच दिवा परत, या वेळी न लुकलुकता स्थिर, आणि कोड पी०४२०, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तिथली उष्णता इतकी वाढते की आतली जाळी वितळू शकते. एस्टिमेट आलंय ४८,००० चं. घाटात जागा बघून बाजूला घेतली असती, इंजिन बंद केलं असतं आणि टो बोलावला असता तर कॉइलवर भागलं असतं, हे मला आता कळतंय.

दिवा स्थिर असणं आणि लुकलुकणं (म्हणजे लगेच थांबा) यात एवढा फरक आहे हे मला गाडी चालवायला लागून अकरा वर्षं झाली तरी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हा धागा काढतेय. तुमचे अनुभव लिहा, कोड आठवत असेल तर तोही लिहा, गाडी पेट्रोल, डिझेल की सीएनजी ते नक्की लिहा.

*

नाशिकहून लिहितोय, डिझेल एसयूव्ही, बीएस ६. रिटायर झाल्यापासून गाडी फक्त भाजी, बँक आणि नातवाची शाळा, एका वेळी चार किलोमीटरच्या वर जात नाही. डिझेल गाडीत काजळी अडवायला डीपीएफ नावाचा फिल्टर असतो आणि तो स्वतःच ती काजळी जाळून मोकळा होतो, त्याला रीजनरेशन म्हणतात, पण त्यासाठी एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, साधारण ६०० डिग्री, आणि तेवढा तापायच्या आत मी घरी पोचून चावी काढलेली असायची. बरेचदा गाडी बंद केल्यावरही फॅन जोरात चालू राहायचा, गरम लोखंडासारखा वास यायचा, मला वाटायचं ऊन आहे म्हणून असेल. ते रीजनरेशन मी मध्येच तोडत होतो.

आधी डीपीएफचा दिवा लागला, तो मी आठवडाभर तसाच ठेवला. मग चेक इंजिन लागला आणि गाडी ओढेचना, लिम्प मोडमध्ये गेली, म्हणजे इंजिन वाचवायला गाडी स्वतःच ताकद कमी करते. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मशीन लावून फोर्स रीजनरेशन केलं. त्या मुलाने मला डिपस्टिक काढून दाखवली, ऑइल मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर! मी म्हटलं ऑइल वाढेल कसं, तर म्हणाला काका वास घ्या, आणि खरंच डिझेलचा वास. रीजनरेशनसाठी इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, ते अर्धवट राहिलं की थोडंथोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल लगेच बदललं, नाहीतर इंजिनचंच नुकसान होतं. आता दर रविवारी सकाळी इगतपुरीपर्यंत जाऊन येतो, गिअर एक खाली ठेवून, २,००० आरपीएमच्या वर, वीस-पंचवीस मिनिटं न थांबता. तेव्हापासून दिवा नाही.

*

काका, हे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतोय, आमच्याकडे तिघांना हाच त्रास आहे.

*

माझं सांगलीत गॅरेज आहे म्हणून थोडं आतलं लिहितो. दिवा लागला की लोक येतात आणि म्हणतात दादा दिवा घालवा. दिवा घालवणं एका बटणाचं काम आहे पण कोड उडवला की त्याच्यासोबतची फ्रीझ फ्रेम पण उडते, म्हणजे बिघाड झाला तेव्हा स्पीड किती होता, आरपीएम किती, इंजिन गार होतं का गरम, हे सगळं कॉम्प्युटरने लिहून ठेवलेलं असतं ते जातं आणि मग मला अंधारात शोधावं लागतं. आधी वाचा, फोटो काढा, मगच क्लिअर.

दुसरं म्हणजे कोडमध्ये ज्या पार्टचं नाव येतं तोच पार्ट खराब असतो असं नाही. गेल्या महिन्यात एक पेट्रोल गाडी आली, पी०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. दुसरीकडे त्यांना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, बदलून दिला होता, दिवा चार दिवसांनी परत. मी बॉनेट उघडून गाडी नुसती चालू ठेवली आणि कान लावला, इनटेकच्या मागून बारीक फुस्स आवाज. व्हॅक्यूमचा पाइप वाकतो त्या जागी चिरलेला, बोटाने दाबला की आवाज बंद आणि आरपीएम सरळ. पाइप १८० रुपयांचा. सेन्सरने हवा जास्त आहे हे खरंच सांगितलं होतं, पण आपण सेन्सरलाच धरलं.

२०१३ नंतरच्या बहुतेक सगळ्या गाड्यांना स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा ओबीडी पोर्ट, म्हणजे स्कॅनर लावायची जागा, असतो. त्यात लावायचं ब्लूटूथचं छोटं यंत्र हजाराच्या आतबाहेर मिळतं, मोबाइलवर कोड दिसतो. जरूर घ्या. आणि ऑइलच्या किटलीचा लाल दिवा किंवा टेंपरेचरचा लाल दिवा लागला तर कोड बघत बसू नका, तिथल्या तिथे इंजिन बंद.

*

डोंबिवली. पावसाळ्यात दहा दिवस गाडी उभी होती, चालू केली तर चेक इंजिन. उंदराने इंजेक्टरची वायर कुरतडलेली, बॉनेटखाली चक्क कांद्याची सालं आणि प्लास्टिकचे तुकडे जमवलेले. इलेक्ट्रिशियनने वायर जोडून दिली, पाचशेत काम झालं. आता दोन-तीन दिवसांनी बॉनेट उघडून बघते.

*

न्यू जर्सीहून. इकडे हा दिवा चालू असेल तर गाडी इन्स्पेक्शनला सरळ फेल होते, १९९६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना ओबीडीचीच वायर जोडून तपासतात. माझा कोड होता पी०४५५, पेट्रोलची वाफ मोठ्या प्रमाणात गळतेय. घाबरून गेलो होतो पण कारण निघालं टाकीचं झाकण. इथे पेट्रोल स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे, पंपावरचा माणूस भरतो आणि त्याने झाकण नीट फिरवलं नव्हतं. टिकटिक वाजेपर्यंत घट्ट केलं.

मी घाई ही केली की दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन होतं म्हणून रात्री कोड क्लिअर केला. तर गाडी घेतलीच नाही त्यांनी, म्हणाले मॉनिटर रेडी नाहीत. कोड उडवला की गाडीच्या सगळ्या स्वतःच्या तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात आणि त्या पुऱ्या व्हायला काही दिवस हायवे, सिग्नल, थंड स्टार्ट असं मिळून चालवावी लागते. काहीच न करता झाकण घट्ट करून चालवत राहिलो असतो तर दिवा आपोआप गेला असता, तपासणी लागोपाठ तीन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी चालू करून, चालवून बंद करणं ही एक) पास झाली की तो स्वतःच विझतो.

*

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी. लातूरला मी एक हॅचबॅक बघायला गेलो, मीटरमध्ये एकही वॉर्निंग नाही, मी खूश. सोबत आलेल्या मावसभावाने चावी अर्धी फिरवली, इंजिन चालू न करता, आणि म्हणाला बघ, ऑइलचा लागला, बॅटरीचा लागला, चेक इंजिन कुठाय? चावी ऑन केली की तो दिवा लागायलाच हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. इथे लागतच नव्हता. काच जवळून पाहिली तर त्या चित्रावर आतून काळी पट्टी चिकटवलेली, टॉर्च मारला तेव्हा कडा दिसली. दोन लहान पोरं घेऊन त्या गाडीतून फिरणार होतो मी. तिथूनच परत आलो.

*

धागा काढणारी मीच. सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरच्या दादांचं वाचून आत्ता खाली जाऊन चावी फिरवून आले, आमचा दिवा लागतोय. सांगलीच्या दादा, यंत्र मागवलं, काल आलं, पोर्ट शोधायला मोबाइलची बॅटरी लावून पायाशी वाकावं लागलं पण सापडला. पी०४२० आहेच. कन्व्हर्टर बदलायच्या आधी एक्झॉस्ट कुठे लीक आहे का आणि कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर ठीक आहे का ते बघून घ्यायचं ठरवलंय, शनिवारी गाडी लिफ्टवर जाईल. काय निघालं ते इथेच लिहिते.