बॅटमॅनचा निर्माता म्हणून कोणाचे नाव घ्यावे?

शाईदौत:
आमच्या वाचनगटात या विषयावरून दोन तट पडले आहेत, म्हणून जाणकारांचे मत विचारतो. मे १९३९च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात बॅटमॅन प्रथम अवतरला आणि त्यानंतर पाऊण शतक त्याचे अधिकृत निर्माते म्हणून एकट्या चित्रकार बॉब केन यांचेच नाव चालले. वास्तविक ती पहिली कथा लेखक बिल फिंगर यांची होती. केन यांच्या मूळ रेखाटनातील लाल कपडे आणि ताठ पंख बाजूला सारून करड्या रंगाचा वेश, पाठीवरचा झगा आणि डोक्यासह चेहरा झाकणारा मुखवटा सुचवला तो फिंगर यांनी. मुखवट्यामागच्या माणसाचे ब्रूस वेन हे नाव आणि त्याचे गॉथम हे शहरही त्यांचेच. ते १९७४ साली वारले आणि बॅटमॅन छापणाऱ्या डीसी या कंपनीने त्यांचे नाव निर्मात्यांत घेतले ते २०१५ साली.

एका तटाचे म्हणणे असे, की केन यांचे नाव आता दुसऱ्या क्रमांकावर जायला हवे. दुसरा तट म्हणतो, की करार केन यांनी केला, धोका त्यांनी पत्करला आणि फिंगर हे पैसे घेऊन काम करणारे लेखक होते. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. आपण काय म्हणाल?

पानपलटे:
दुसऱ्या तटाच्या युक्तिवादातील ‘धोका पत्करला’ हा भाग मला मान्य नाही. केन यांनी पत्करलेला धोका कोणता? एक वर्ष आधी सुपरमॅन तुफान खपला होता आणि प्रकाशकाला तसाच दुसरा नायक हवा होता. मागणी आधीच तयार होती. केन यांचे खरे कौशल्य व्यवहारात होते. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी त्याचे सर्व हक्क १३० डॉलरना देऊन टाकले आणि पुढे १९४७ साली न्यायालयात जाऊन कामही गमावले. याउलट केन यांनी आपले नाव आणि मोबदला दोन्ही लिहून घेतले. त्यात दोष नाही. दोष आहे तो फिंगर यांचे नाव दडपण्यात.

येथे चाहत्यांची भूमिकाही नोंदवली पाहिजे. १९६०च्या दशकात जेरी बेल्स या चाहत्याने फिंगर यांची मुलाखत घेऊन त्यांचे योगदान लेखरूपाने मांडले, तेव्हा केन यांनी १९६५ साली एक लांबलचक पत्र लिहून ते सारे फेटाळले. १९८९च्या आत्मचरित्रात मात्र फिंगर यांना श्रेय मिळायला हवे होते, असे त्यांनी स्वतःच लिहिले. तोपर्यंत फिंगर यांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. ज्याने आधी नाकारले आणि माणूस गेल्यावर कबूल केले, त्याचे नाव पहिले ठेवण्याचा आग्रह कशासाठी?

जुनी रद्दी:
पानपलटे यांचा राग समजतो, परंतु एका अन्यायाची भरपाई करताना आपण फिंगर यांची मूर्ती घडवू लागलो आहोत, असे मला वाटते. त्या पहिल्या कथेचे कथानक फिंगर यांनी ‘द शॅडो’ या त्या काळच्या स्वस्त मासिकातील नायकाच्या एका कथेवरून घेतले होते आणि तसे त्यांनी मोकळेपणाने सांगितलेही होते. बॅटमॅनचा शत्रू जोकर घ्या. तो केन, फिंगर की केन यांचे सहायक चित्रकार जेरी रॉबिन्सन यांचा, यावर तिघांच्याही हयातीत एकमत झाले नाही. त्याचे ते हास्य तर १९२८च्या एका मूकपटातील कॉनराड फाइट या अभिनेत्याच्या छायाचित्रावरून आलेले आहे.

नंतरचे हातही मोजावे लागतील. ब्रूस वेनचा पूर्वी लठ्ठ आणि काहीसा विनोदी असलेला नोकर आल्फ्रेड १९४३च्या चित्रपटमालिकेतील नटासारखा दिसावा म्हणून सडपातळ झाला आणि बॅटमॅनची गुहाही त्याच मालिकेतून छापील पानावर आली. १९६०च्या दशकातील दूरचित्रवाणी मालिकेने बॅटमॅनला हास्यास्पद करून ठेवल्यावर त्याला पुन्हा रात्रीत आणि अंधारात नेले ते लेखक डेनी ओनील आणि चित्रकार नील ॲडम्स यांनी. जोकरची साथीदार हार्ली क्विन तर १९९२ साली कार्टून मालिकेसाठी जन्मली. आज आपण ज्याला बॅटमॅन म्हणतो तो ऐंशीहून अधिक वर्षे अनेकांनी मिळून रचलेला आहे, त्यामुळे ‘निर्माता कोण’ या प्रश्नाला एका नावाचे उत्तर शोधणेच मला चुकीचे वाटते.

अर्धविराम:
जुनी रद्दी यांनी दिलेले तपशील बरोबर आहेत, पण त्यांचा निष्कर्ष प्रकाशकाच्या फार सोयीचा आहे. ‘हे सर्वांचे आहे’ असे म्हटले की ते व्यवहारात कोणाचेच राहत नाही आणि मालकी निमूटपणे कंपनीकडे जाते. या धंद्यात नेमके हेच झाले.

अमेरिकेच्या १९७६च्या कॉपीराइट कायद्याने लेखक-कलावंतांना आणि त्यांच्या वारसांना एक हक्क दिला: जुन्या काळी विकलेले हक्क ५६ वर्षांनंतर परत मागता येतात. मात्र काम ‘मालकाने सांगून करून घेतलेले’ ठरले, तर हा हक्क मिळत नाही. सीगल-शूस्टर यांनी सुपरमॅन विकण्यापूर्वीच तयार केला होता, म्हणून सीगल यांच्या वारसांना २००८ साली न्यायालयात काही अंशी यश आले. पुढे २०१३ साली, कंपनीशी आधी झालेला समझोता बंधनकारक आहे या मुद्द्यावर ते यश हातचे गेले. डीसीची प्रतिस्पर्धी कंपनी मार्व्हल हिच्या निम्म्या विश्वाला रूप देणारे चित्रकार जॅक कर्बी मात्र ‘सांगून करून घेतलेल्या’ कामाच्या खात्यात बसवले गेले. त्यांच्या वारसांचा दावा २०१३ साली अपील न्यायालयात फेटाळला गेला आणि २०१४ साली, सर्वोच्च न्यायालय त्यावर विचार करण्याच्या बेतात असताना, मार्व्हलने तडजोड केली. अनेक वर्षे तर दर पानाला ठरलेल्या दराने मिळणाऱ्या धनादेशाच्या पाठीवरच हक्क सोडल्याचा मजकूर छापलेला असे. सही केल्याशिवाय पैसे नाहीत आणि सही केली की हक्क नाहीत.

फिंगर यांची अवस्था याहून बिकट होती, कारण आरंभी ते कंपनीचेही नव्हते. ते केन यांनी पडद्याआड ठेवलेले लेखक होते. त्यामुळे त्यांच्या बाजूने कायद्याचा आधार जवळजवळ शून्य होता आणि उरले होते ते फक्त श्रेय. ‘सगळेच निर्माते’ म्हणून ते पातळ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओनील-ॲडम्स यांनी बॅटमॅनला सावरले हे खरे, परंतु सावरण्यासाठी तो आधी कोणीतरी उभा केलेला होता.

पानपलटे:
श्रेय आणि मालकी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे येथे जोडतो. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेला वेताळ (मूळ इंग्रजीत ‘फँटम’) आठवा. त्याची मालकी अमेरिकेतील किंग फीचर्स या वृत्तपत्र सिंडिकेटकडे होती, तरीही त्याचे निर्माते ली फॉक यांचे नाव लपवले गेले नाही आणि फॉक यांनी १९३६ पासून १९९९ साली मृत्यू येईपर्यंत वेताळ लिहिला. म्हणजे हक्क कंपनीकडे ठेवूनही लेखकाचे नाव छापता येत होते. बॅटमॅनच्या बाबतीत ते जमले नाही याचे कारण कागदाच्या टंचाईत शोधायला नको.

जुनी रद्दी:
हे मान्य. मात्र कलावंतांच्या हाती मालकी गेली की सर्व सुरळीत होते, असेही कोणी समजू नये. १९९२ साली सात लोकप्रिय चित्रकार मार्व्हल सोडून बाहेर पडले आणि त्यांनी इमेज कॉमिक्स उभी केली ती याच तत्त्वावर, की पात्र ज्याचे त्याच्याच मालकीचे. त्यांतील टॉड मॅकफार्लेन यांच्या ‘स्पॉन’ या कॉमिकच्या नवव्या अंकासाठी लेखक नील गेमन यांनी काही पात्रे लिहिली, त्या पात्रांच्या हक्कांवरून खटला झाला आणि २००४ साली अपील न्यायालयाने गेमन यांना सहमालक ठरवले. मालक बदलले, भांडण तेच.

शाईदौत:
सर्वांचे आभार. गटासाठी मी असे टिपण करणार आहे, की मूळ निर्माते फिंगर आणि केन, या क्रमाने, आणि पुढच्यांची नावे ज्या त्या पात्रासमोर. एक शंका उरते. १९३९च्या अंकाचा कॉपीराइट संपल्यावर या श्रेयाचे काय होईल?

अर्धविराम:
अमेरिकेत प्रकाशनानंतरची ९५ वर्षे धरली, तर तो अंक १ जानेवारी २०३५ रोजी सर्वांसाठी खुला होईल. खुला होईल तो त्या अंकातला बॅटमॅन. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन आणि जोकर १९४० सालचे असल्यामुळे त्यांना आणखी एक वर्ष थांबावे लागेल आणि नाव व चिन्हांचे ट्रेडमार्क डीसीकडेच राहतील. केन यांच्याशी झालेला करार मात्र कंपनीला बांधतो, बाहेरच्या प्रकाशकाला नाही. तेव्हा त्या दिवसापासून कोणीही ती पहिली कथा पुन्हा छापू शकेल आणि तिच्यावर लेखक म्हणून बिल फिंगर यांचे नाव सर्वांत वर घालायला त्याला कोणाची परवानगी लागणार नाही.