तेरेकचे कोसॅक आणि पलीकडचे मुसलमान: वैरी की सोयरे?

डोंगरवाट (धागालेखक)
उत्तर कॉकेशस म्हटलं की ठरलेलं चित्र समोर येतं: तेरेक नदीच्या अलीकडे झारचे कोसॅक (सीमेवर वसलेले लढवय्ये घोडेस्वार), पलीकडे डोंगरातल्या मुसलमानांचा नेता इमाम शमील आणि त्याचे मुरीद, म्हणजे अनुयायी. मला हे चित्र पटत नाही. ग्रेबेन कोसॅक, म्हणजे तेरेककाठचे सगळ्यात जुने कोसॅक, तिथे सोळाव्या शतकापासून राहत होते. झारचा मोझ्दोकचा किल्ला उभा राहिला तो 1763 मध्ये. मधल्या काळात त्यांनी डोंगराकडून काय घेतलं नाही? चेरकेस्का (लांब अंगरखा), छातीवरच्या काडतुसांच्या नळ्या, पापाखा (लोकरी टोपी), बुर्का (जाड लोकरी घोंगडी), घोड्यावर बसायची ढब. बायकाही तिकडच्या केल्या. च्येर्वल्योन्नाया या कोसॅक गावातली काही घराणी आपलं मूळ चेचेनांच्या गुनोय तैपात, म्हणजे कुळात, सांगतात. धर्माचं म्हणाल तर ग्रेबेनवाले 'जुन्या श्रद्धेचे', म्हणजे सरकारी चर्चच्या लेखी पाखंडीच! तंबाखू त्यांना वर्ज्य, आणि शमीलच्या राज्यातही तंबाखूला शिक्षा. (दारूवर मात्र एकमत नाही. तेरेककाठची चिखीर ही घरची वाइन कोसॅकांनी कधी सोडली नाही.)
शिवाय कुणाकी, म्हणजे मानलेल्या मित्राचं नातं. नदीपलीकडच्या माणसाला एकदा कुणाक मानलं की तो घरात असेपर्यंत त्याच्या जिवाची हमी यजमानाची. लेखक तोल्स्तोय (टॉल्स्टॉय) 1851 मध्ये स्तारोग्लादकोव्स्काया या कोसॅक गावी राहायला आला, तेव्हा सादो नावाचा चेचेन त्याचा कुणाक झाला. तोल्स्तोय जुगारात एका अधिकाऱ्याकडे हरला होता. सादोने त्या अधिकाऱ्याशी खेळून कर्जाचा कागद जिंकला आणि तोल्स्तोयला परत केला. वैर लावलं ते साम्राज्याने. या दोघांचं मुळात वैर नव्हतं.

कृष्णाकाठ
साफ असहमत. सादोची गोष्ट गोड आहे, पण तोल्स्तोय कोसॅक नव्हता, रशियन उमराव होता. तुमच्या मुद्द्याला ती लागू कशी?
दुसरं, कपडे घेतले म्हणजे माणूस आपला झाला असं नाही. शत्रूची हत्यारं आणि पोशाख त्या मुलुखात सोयीचे होते म्हणून घेतले. 1819 मध्ये रशियन सेनापती येर्मोलोवच्या हुकमावरून तेरेककाठचं दादी-युर्त हे चेचेन गाव जाळलं, माणसं कापली. त्या फौजेत कोसॅक होते की नाही? 1845 पासून सुंझा नदीवर नव्या स्तानित्सा (कोसॅक गावं) बसवल्या, त्या काय ओसाड माळावर? चेचेन आणि इंगुश लोकांची कसलेली जमीन होती ती. ज्याचं शेत गेलं त्याला 'तुमचं-आमचं जुनं नातं आहे' हे कोण सांगणार?

मृण्मयी_क
कृष्णाकाठ यांच्याशी सहमत, पण शमीलच्या बाजूलाही इतकं भाबडेपणाने बघू नये. इमामत, म्हणजे त्याचं राज्य, हा नुसता स्वातंत्र्यलढा नव्हता. प्रांतोप्रांती नायब, बैत-उल-माल म्हणून खजिना, निझाम म्हणून कायदे, असं रीतसर राज्य होतं ते. आणि ते रशियनांशी जितकं भांडलं तितकंच डोंगरातल्या जुन्या रिवाजांशी, अदतशी. खुनाचा सूड अख्ख्या कुळावर न घेता फक्त खुन्यावर घ्यावा, वधूमूल्याला मर्यादा असावी, नाचगाणी बंद. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मला आजही शहाणपणाच्या वाटतात. दागेस्तानातल्या अवार खानांचं घराणं 1834 मध्ये शमीलच्या आधीचा इमाम हमझत बेकने संपवलं, तेव्हा समोर कोसॅक नव्हते. मुसलमानच होते.
अवांतर: शमीलची लाडकी बायको शुआनेत ही मोझ्दोकच्या आर्मेनियन व्यापाऱ्याची मुलगी, छाप्यात पकडून आणलेली. 1859 मध्ये गुनीबला शमील शरण गेल्यावरही ती त्याला सोडून गेली नाही. याला सोयरीक म्हणायचं की ओलीस धरणं, तुम्हीच ठरवा.

घाटमाथा
तुम्ही सगळे तेरेकवरच अडकलात. जरा पश्चिमेला कुबानकडे या. तिथले काळ्या समुद्राचे कोसॅक म्हणजे मूळचे युक्रेनमधल्या झापोरोझियाचे, 1792 नंतर आणून वसवलेले. ना गुनोय, ना शेकडो वर्षांचा शेजार. समोर चेर्केस, तिथले डोंगरी मुसलमान. युद्धाचा शेवट 21 मे 1864 ला क्बादा इथे, झारच्या फौजांच्या विजयसंचलनाने. लाखो चेर्केस ऑटोमन मुलुखात हाकलले गेले, वाटेत रोगराईने आणि उपासमारीने मेले. रिकाम्या दऱ्यांत कोसॅक बसवले. क्बादाचं आजचं नाव क्रास्नाया पोल्याना. 2014 च्या सोची ऑलिंपिकच्या बर्फावरच्या शर्यती तिथेच झाल्या. धागालेखकांचं 'सोयरे' इथे कुठे बसतं?

डोंगरवाट
कुबानला बसत नाही, आणि मी तेरेकबद्दलच लिहिलं होतं. सुंझाच्या स्तानित्सा जमीन बळकावून उभ्या राहिल्या हेही खरं. पण त्या वसवायच्या हे ठरवलं कुणी? पीटर्सबर्ग आणि तिफ्लिसच्या (आजचं त्बिलिसी) सरकारी कचेऱ्यांनी. कोसॅकाला तिथे जा म्हणून हुकूम यायचा. त्यांचा 'क्रुग', म्हणजे सगळ्या पुरुषांनी बसून अतामान (म्होरक्या) निवडायची सभा, हीसुद्धा सरकारने हळूहळू मोडली आणि वरून नेमलेले अतामान बसवले. ज्यांना स्वतःचा म्होरक्या निवडता येत नव्हता, त्यांना धोरणाचे मालक कसं म्हणायचं?

कृष्णाकाठ
मालक नसतील, लाभार्थी होते. जमीन हुकमाने मिळाली तरी नांगर त्यांचाच चालला. अतामान वरून आला म्हणून पीक काही पीटर्सबर्गला गेलं नाही.

सप्तसिंधू
मग पुढचा हिशोबही मांडा. 1918 आणि 1920 मध्ये त्याच सुंझाकाठच्या स्तानित्सांतून कोसॅकांना कुटुंबकबिल्यासह हाकललं आणि जमीन चेचेन-इंगुशांना दिली. 1920 चा हुकूम बोल्शेविक ऑर्जोनिकिद्झेचा. मग 23 फेब्रुवारी 1944 ला स्टालिनने चेचेन आणि इंगुशच उचलले, जवळजवळ पाच लाख माणसं, मध्य आशियात. 1957 मध्ये ते परतले तेव्हा तेरेकच्या उत्तरेकडचे नाऊर आणि शेलकोव्स्काया हे जुने कोसॅक तालुके त्यांच्या प्रजासत्ताकाला जोडले. 1990 च्या दशकात तिथून बहुतेक कोसॅक निघून गेले. मारहाण, धमक्या आणि घर सोडून जाणं यातून.
धागालेखकांचं अर्धं मान्य: दोघांनाही हलवणारा हात वरचाच होता. पण कृष्णाकाठ म्हणतात तेही खरं, कारण दर वेळी रिकाम्या घरात शिरणारा शेजारीच होता.

मृण्मयी_क
शेवटचं वाक्य 1944 ला लावून बघा. चेचेन-इंगुशांच्या घरांत तेव्हा रशियन, दागेस्तानी, ऑसेटियन शिरले. दागेस्तानींना तर डोंगरातून जबरदस्तीने आणून बसवलं. त्यांना कृष्णाकाठ लाभार्थी म्हणणार का?